पाच नंबर

आमची धाकटी नववीत गेली आणि पडवीचा वासा डोक्याला लागू नये म्हणून वाकून घरात येऊ लागली. माझ्या माहेरी, सांगलीकडे, सगळे बेताच्या उंचीचे. तेव्हा हे देणं सासरचं. शाळेच्या बास्केटबॉल संघात तिला घेतलं तेही उंची बघूनच. "तू सेंटर. टोपलीखाली उभी राहा," एवढंच शिक्षकांनी सांगितलं.

मांद्र्यात फुटबॉलबद्दल कुणालाही विचारा, चहा थंड होईपर्यंत सांगतील. बास्केटबॉलचं तसं नाही. मला तर दहा मुली एका चेंडूमागे धावताना दिसत. खो-खोत निदान बसलेली कोण आणि पळणारी कोण हे तरी कळतं. शेवटी एका संध्याकाळी तिने पोळपाटावरच्या पिठात बोटाने मैदान काढलं, त्यावर चवळीचे पाच दाणे ठेवले आणि माझी शिकवणी घेतली.

एक नंबरची, म्हणजे पॉइंट गार्ड, चेंडू घेऊन येते. आठ सेकंदांत मधली रेघ ओलांडायची आणि चेंडू कुणाला, कधी द्यायचा ते ठरवायचं. दोन नंबरची लांबून नेम धरणारी, पावणेसात मीटरच्या कमानीबाहेरून टोपलीत टाकला तर तीन गुण. तीन नंबरचीला सगळंच थोडं थोडं यावं लागतं. चार नंबरची धट्टीकट्टी, पाचच्या जोडीला.

"आणि पाच मी," ती म्हणाली, आणि तो दाणा तिने जरा जोरातच दाबला.

पाच नंबरचीने करायचं काय? टोपली ३.०५ मीटर उंचीवर. आपल्या बाजूचा हल्ला चालू असताना तिच्यासमोरच्या रंगवलेल्या चौकोनात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, म्हणून सारखं आत शिरायचं, बाहेर यायचं. पाठीने रेटायचं, कोपरं खायची. दुसरीचा नेम चुकला की उडी मारून चेंडू परत मिळवायचा. मैत्रिणीला वाट मिळावी म्हणून तिच्यामागे लागलेलीच्या आड भिंतीसारखं उभं राहायचं. याला स्क्रीन म्हणतात. टाळ्या वाट मिळालेल्या मुलीला.

हे कळायला मला पोळपाटाची गरज नव्हती. लग्न होऊन या घरात आले तेव्हा थोरल्या जाऊबाईंकडे दुकानाचा गल्ला होता, मधलीकडे येणंजाणं, लग्नकार्यं. मी बी. ए. झालेली. पण 'हिच्या हाताला चव आहे' हे पहिल्याच आठवड्यात ठरलं. चव अजून आहे.

"मला एक नंबर खेळायचंय, आई."

"सर सांगतात ते ऐक," मी म्हणाले. किती सहज म्हणाले!

तिने वाद घातला नाही. मोबाइलवर निकोला योकिच नावाचा सर्बियन खेळाडू दाखवला. जवळजवळ सात फूट उंच, अंगाने जड, धावतानाही घाई नसल्यासारखा. जागा सेंटरची, पण डोक्यावरून, पाठीमागून असे चेंडू देतो की एक नंबरवाल्यांनी बघत बसावं. त्याच्या डेन्व्हरने २०२३ मध्ये अमेरिकेतलं मोठं अजिंक्यपद जिंकलं. मला आमच्याकडच्या जत्रेतला दशावतार आठवला. राजाचं काम राजाला, संकासुराचं संकासुराला, पण संवाद लिहिलेले नसतात. रंगात आलेला नट काय बोलेल, याचा नेम नसतो.

ती झोपल्यावर मी वाचत बसले. हा खेळ १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ यांनी अमेरिकेत काढला. पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला, पण मैदानाचे तीन भाग करून. आपला भाग सोडून जायचं नाही, कुणाच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही. त्या काळात मुलींना खेळायला मिळालं हेच मोठं, म्हणून बाईंना नावं ठेवणार नाही. पण रेघ राहिलीच. आयोवा राज्यातल्या शाळांत मुलींचे सहाजणींचे संघ असत. तिघींनी फक्त गुण करायचे, तिघींनी फक्त अडवायचं, मधली रेघ कुणीच ओलांडायची नाही. अडवणारीला आख्ख्या सामन्यात टोपलीकडे एकदाही चेंडू टाकता येत नसे. आणि ते बघायला गर्दी लोटायची! हे १९९३ पर्यंत चाललं. तेव्हा मी कॉलेजात होते.

शिक्षकांशी बोलायला मी गेले नाही. जायला हवं होतं.

म्हापशाला आंतरशालेय सामना होता. उत्तरार्धात त्यांची एक नंबरची मुलगी पाच फाउल होऊन बाहेर गेली. पुढचा चुकलेला चेंडू आमच्या बाईंनी उडी मारून पकडला आणि कुणाला न देता स्वतःच आपटत निघाली. "दे! दे!" शिक्षक ओरडत होते. मी उभी राहिले होते, हे मला मागच्या बाईंनी पदर ओढला तेव्हा कळलं. धाकटीने रेघ ओलांडली, दोघींना आपल्याकडे ओढलं आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या मुलीला चेंडू दिला. तिचा नेम चुकला. सामनाही हरलो. शिक्षक काहीच बोलले नाहीत.

परतताना शिवोली-चोपडे पुलावर सूर्य पाण्याला टेकत आला होता. घरी पोचेपर्यंत दिवस मावळणार, म्हणून गाडीतच डबा उघडून तिच्या हातात थालीपीठ दिलं. चार घास गेल्यावर विचारलं,

"आठ सेकंदांत गेलीस का गं?"

"सहा," ती तोंडातला घास न गिळताच म्हणाली.