पहिला पर्याय

आमच्या घरी भांडण मराठीत होते आणि मिटते कन्नडमध्ये. यंदा सीईटीचे पर्याय भरताना मात्र दोन्ही भाषा थकल्या. चिरंजीवांना मेकॅनिकल हवे होते. माझा हट्ट एआयच्या शाखेचा. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतही हाच विषय!

सासरे उद्यमबागेतल्या फौंड्रीत तीस वर्षे राबलेले. ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, कास्टिंगचा फोटो बघून हे एआय दोष ओळखतं म्हणे. ओळखू दे की! पण दोष का आला, वाळू ओली होती की रस थंड, हे ज्याला कळतं तोच त्याला शिकवणार ना?"

मी गप्प झालो. 1999 साली सगळे धावले म्हणून मीही कॉम्प्युटरकडे धावलो होतो. माझी आवड तेव्हा कुणी विचारली नाही. आज मीही मुलाला विचारली नव्हती.

रात्री पहिल्या पर्यायात मेकॅनिकल भरले. प्रोग्रामिंग तो सोबत शिकणारच आहे; आता ते त्यालाही चुकणार नाही. उद्याचे कुणी पाहिले आहे? पण निवड त्याची आहे, एवढे नक्की.

सौ. हसून म्हणाली, "सरी बिड्री!"

भांडण मिटले.