राजपुरीच्या खाडीत, आत आत

दिघीहून फेरीबोट आगरदांड्याकडे निघाली की गाड्यांतून उतरलेली माणसं एकाच बाजूच्या कठड्याशी जमतात. खाडीच्या तोंडाशी पाण्यात बसलेला जंजिरा दिसतो. मीही पाहिला. पण या वेळी मला खाडीच्या आत जायचं होतं.

दोन्ही बाजूंच्या डोंगरांनी ही खाडी कुशीत घेतली आहे. गलबतांना असा निवारा हवाच असतो, म्हणून तिच्या तोंडावर ताबा मिळवायला इतकं रक्त सांडलं. जंजिऱ्याच्या जागी, राजपुरीच्या बेटावर, आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. राम पाटील त्यांचा म्होरक्या. निजामशाहीच्या माणसाने व्यापारी बनून दारूची पिंपं आत नेली आणि कोट घेतला, असं सांगतात. पुढे सिद्दी आले, दगडी तट चढला. शिवाजी महाराजांनी समोर कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला, तरी जंजिरा हाती आला नाही. सिद्दींचं संस्थान 1948 साली विलीन झालं.

राजपुरीत आज शिडाच्या होड्या पर्यटकांना किल्ल्यावर नेतात. वाळत घातलेल्या सुकटीचा वास धक्क्यापर्यंत येतो. जवळच खोकरीला सिद्दींचे तीन दगडी घुमट आहेत. त्यांतल्या एकाखाली याकूतखान आहे, ज्याने 1689 मध्ये इंग्रजांच्या मुंबईला वेढा घातला होता. एवढा दरारा असलेला माणूस, आणि तिथे त्या दुपारी माझ्याशिवाय कुणीही नव्हतं.

तिथून खाडीच्या काठाकाठाने मांदाड. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आलेलं मांदगोरा बंदर ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. आता इथे खारफुटी, चिखल आणि ओहोटीत कलंडलेल्या होड्या. वर डोंगरात कुड्याची 26 बौद्ध लेणी. चैत्याच्या दाराशी दगडातले हत्ती उभे आहेत.

मला मात्र भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांनी धरून ठेवलं. इथल्या सत्ताधारी महाभोज मांदवांच्या घराण्यातल्या माणसांची नावं त्यांत आहेतच, पण त्यांच्याबरोबर वैद्य आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. बंदरावर पोट भरणाऱ्या या लोकांनी आपल्या मिळकतीतून खडक कोरून घेतला आणि नाव लिहून ठेवलं. किल्ल्यावर कुणी कुणाला हरवलं ते कळतं. ही खाडी जगवत कुणाला होती, ते कुड्याला कळतं. जंजिऱ्याला येणाऱ्या शाळांच्या सहलींनी तळा गावाच्या रस्त्याला वळून इथेही यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. फुलं विकणाऱ्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलेली जागा मुलांना दाखवायची राहून जाते आहे.