जंगल नव्हतं, काकू

ती. काका-काकूंना,


हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकाला नाही. १९५६-५७ नंतरच्या पाच-सात वर्षांत नागपूर, भंडारा, अमरावतीहून, कुणी थेट पुण्या-मुंबईहून, ट्रंका आणि वळकट्या घेऊन दुर्गच्या फलाटावर उतरलात आणि मग सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, त्याच्या वसाहतीच्या सेक्टरांत काढलीत, त्या तुम्हा सर्वांना आहे. तुमच्यातले बरेच जण आता नाहीत. जे आहेत ते मुलांकडे पुण्यात नाहीतर बंगळुरूत, आणि थोडे अजून इथेच, लीजवर मिळालेल्या क्वार्टरात. उघड लिहितेय, कारण घरात हा विषय काढला की कुणीतरी चहा ठेवायला उठतं.

विषय तुमच्या एका वाक्याचा आहे. ‘आम्ही आलो तेव्हा इथे नुसतं जंगल होतं.’ हळदीकुंकवाला, गणपतीच्या मांडवात, रिटायरमेंटच्या समारंभात, लहानपणापासून मी हे ऐकत आले. पुढचं ठरलेलं असतं: साप, विंचू, कोल्हेकुई, दिवेलागणीनंतर बाहेर पडायची सोय नाही, आणि शेवटी ‘आम्ही हे शहर उभं केलं.’ साप होते. विंचू तर अजून आहेत. पण जंगल नव्हतं, काकू.

तुमची समजूत कशी झाली असेल ते मात्र मला कळतं. नागपूरहून हावडा लाइनने निघालं की गोंदियानंतर सालेकसा, दरेकसा लागतं. तिथे खरोखरच रान आहे, बोगदा आहे. डोंगरगडला बमलेश्वरीचा डोंगर दिसतो. लग्न होऊन चार महिने झालेल्या मुलीने तो टप्पा पहिल्यांदा पाहिला की ‘कुठे आणून टाकलं’ म्हणून पोटात गोळा येणारच. पण डोंगरगड सुटलं की डोंगर मागे राहतात. राजनांदगाव, मग शिवनाथ नदी, मग दुर्ग, सगळा सपाट मुलूख आणि धानाच्या बांध्या. कारखाना इथे आला तो काही रान तोडायच्या हौसेने नव्हे. जमीन सपाट, मुंबई-हावडा रेल्वे दाराशी, तांदुळा धरणाचं पाणी हाताशी, चुनखडी जवळच नंदिनीला आणि लोहखनिज नव्वदेक किलोमीटरवर दल्ली-राजहऱ्याला. रान असलंच तर ते राजहऱ्याकडे होतं.

आणि ‘परमुलूख’ म्हणता तेही अर्धंच खरं. कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. तेव्हा हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल, रायपूरचे. कारखाना छत्तीसगडात यावा म्हणून त्यांनी खटपट केली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली, आणि कालपर्यंत नागपूरच्या सचिवालयातून चालणारा जिल्हा तुम्हाला एकदम परका वाटू लागला. त्याच्याही दोनशे वर्षं आधी नागपूरकर बिंबाजी भोसले रतनपुरात राज्य करायला येऊन बसले होते. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ काढणारे माधवराव सप्रे घरात मराठी बोलणारे. इथल्या मातीत मराठी पावलं आपल्या आधीची आहेत, सगळीच काही अभिमानाने सांगावीत अशी नाहीत. भोसल्यांच्या फौजा इकडे यायच्या त्या चौथाई आणि वसुलीसाठी.

आता मुद्द्याचं. तुमचे सेक्टर बसले तिथे गावं होती. भिलाई हे आधी एका गावाचंच नाव. खुर्सीपार, रिसाली, रुआबांधा, मरोदा ही नावं तुम्ही पत्ते आणि बसस्टॉप म्हणून शिकलात. त्याआधी त्यांना तळी होती, शीतला माता होती, चराईचा भाठा होता. हा भाठा म्हणजे मुरमाड, लाल, उन्हाळ्यात बोडका दिसणारा माळ. नकाशा घेऊन आलेल्या साहेबाला तो ओसाड दिसला आणि मागोमाग तुम्हालाही. गावाला ते गायरान होतं.

जॉनथन पॅरी नावाचे इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ १९९३ पासून वर्षानुवर्षं भिलाईत येऊन राहिले, जुन्या माणसांशी बोलले. त्यांनी लिहून ठेवलंय की बांधकाम सुरू झालं तेव्हा आसपासच्या खेड्यांत अफवा होती: एवढं मोठं काम नरबळीशिवाय उभं राहत नाही, लोकांना धरून नेतात. जमीन गेलेल्यांना कारखान्यात नोकरीची सोय होती, तरी सुरुवातीला कितीतरी जण तिकडे फिरकलेच नाहीत. त्या जागा मग बाहेरच्यांनी भरल्या. तुमच्या गप्पांत हे ‘इथल्या लोकांना कामाची आवडच नाही’ असं येतं. काका, ज्याचं शेत गेलं आणि शेतात रात्रभर आग दिसते, त्याने घाबरू नये तर काय करावं?

एवढं बोलल्यावर तुमचं श्रेय नाकारतेय असं समजू नका. ते आहेच, फक्त तुम्ही सांगता तिथे नाही. शहर उभं केलं म्हणता, तर ते रेजा-कुलींनी, म्हणजे मजूर बायका-पुरुषांनी केलं, त्यांतल्या बहुतेकांना त्या घरांत राहायला मिळालं नाही. तुम्ही केलंत ते वेगळंच. क्वार्टर ग्रेडप्रमाणे मिळायचं, जातीप्रमाणे नाही. त्यामुळे ज्या काकूंनी आयुष्यात आळीबाहेर पाणी प्यायलं नव्हतं, त्यांच्या एका भिंतीला मल्याळी घर आलं, दुसऱ्या भिंतीला तेलुगू आणि समोर सरदारजी. नवरा नाइट शिफ्टला. सासू नाही, नणंद नाही, बाळंतपणाला आई येईल तेव्हा येईल. मध्यरात्री मुलाला ताप भरला तर दार ठोठावायचं ते भाषा न कळणाऱ्या बाईचं. तुम्ही ठोठावलंत. तिनेही तुमचं ठोठावलं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू केली त्याचे फोटो जागोजागी आहेत. त्या भिंतींवरून वाटीतून गेलेल्या विरजणाचा फोटो कुणी काढला नाही.

अमरावतीच्या काकूंची ज्वारीची गोष्टही मला तोंडपाठ आहे. इथे तिन्ही त्रिकाळ भात. पीठ नागपूरहून पत्र्याच्या डब्यात यायचं, पावसाळ्यात ते कडू व्हायचं, तरी टाकवत नसे. भंडाऱ्याच्या काकू हसायच्या, कारण त्यांचं काहीच अडलं नव्हतं. भात त्यांचाच, आणि बाजारात तिवरा भाजी म्हणून जे विकायला येई ती त्यांची लाखोळी. दोरीवरच्या धोतरावर लाल धूळ बसे, ती दोघींनाही सारखीच छळायची.

तिजाचं मात्र सांगायलाच हवं. भाद्रपदातल्या तृतीयेला तुमची हरतालिका, वाळूची पिंड, उपास, जागरण. त्याच दिवशी इथल्या बायकांचा तिजा. बाप नाहीतर भाऊ येऊन लेकीला माहेरी घेऊन जातो. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खायचा, त्याला ‘करू भात’ म्हणतात, आणि मग निर्जळी उपास. दरवर्षी तेव्हा आपली भांडेवाली गावाला जायची आणि दरवर्षी आपल्याकडे कुरकुर व्हायची: ‘आली हिची सुट्टी!’ कुरकुर करणारी बाई स्वतः त्याच दिवशी त्याच गौरीसाठी उपाशी असायची. त्याआधी तीनच दिवस पोळा. तुमच्या तान्ह्या पोळ्याला लाकडाचे बैल, तिच्या पोराच्या हातात मातीचा नांदिया. एवढं सगळं जुळत असताना तिच्या गावाचं नाव तुम्ही कधी विचारलं नाही. मीही नाही विचारलं, पण मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते.

तुमच्याच काळात आणखी एक तरुण बाहेरून याच कारखान्यात नोकरीला लागला होता, बंगालचा. कोक ओव्हनमध्ये काम करायचा. तो पुढे खाणींकडे गेला, आदिवासी मुलीशी लग्न केलं, राजहऱ्याच्या खाणमजुरांची १९७७ मध्ये युनियन बांधली. मजुरांच्या पैशांतून आणि श्रमांतून तिथे १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभं राहिलं. शंकर गुहा नियोगी. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे त्यांना भिलाईतच, झोपेत गोळी घातली गेली. आपल्या सेक्टरांत त्या सकाळी काय बोललं गेलं ते मला आठवतं, लिहीत नाही. तुम्ही त्यांच्यासारखं व्हायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. संसार होते, हप्ते होते. पण बाहेरून येऊन इथला होता येतं की नाही, हा प्रश्न तुम्ही ‘नाही’ म्हणून मिटवता, तेव्हा हा माणूस आठवतो.

तुम्ही स्वतः आयुष्यभर परतीच्या तयारीत राहिलात. क्वार्टर कंपनीचं, म्हणून नागपुरात प्लॉट. आम्हाला तर भाषाही धड एक दिली नाहीत. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि छत्तीसगडी फक्त भाजीवालीशी, तीही तोडकी.

हे सगळं आत्ताच का काढलं? राजहऱ्याचं खनिज संपत आलंय, आता पाळी रावघाटच्या खाणीची. दल्ली-राजहऱ्याहून रेल्वे अंतागडच्याही पुढे गेली. तुमच्यातल्याच एका घरचा नातू तिकडे कामावर निघालाय आणि व्हिडिओ कॉलवर आजी त्याला सांगत होती, ‘जंगलात चाललायस, जपून.’ तिथे रान आहे, खरंच आहे, नारायणपूरपलीकडे अबूझमाड आहे. आणि त्या रानात गोंडांची गावं आहेत, त्यांची देवस्थानं आहेत, खाणीबद्दल त्यांचं काही म्हणणं आहे. नातवाला ते तिथे पोहोचण्याआधी कळलेलं बरं.

म्हणून एक काम सांगते. सेक्टर अर्धे बांधले होते तेव्हाची भिलाई डोळ्यांनी पाहिलेले तुम्ही आता थोडेच उरलात. तुमच्या क्वार्टरच्या मागे तेव्हा काय होतं? बांधी होती का, कुणाची? तळं कुठे होतं, ते कधी बुजवलं? पहिल्या वर्षी दूध कोण घालायचं आणि कुठल्या गावाहून यायचं? पान-दोन पानं लिहा, हात चालत नसेल तर नातवाच्या फोनवर बोलून पाठवा. सापांचं लिहिलंत तरी चालेल, तेही होतेच.

काकूंच्या गुडघ्यांना जपा.

आपली,
सेक्टरात जन्मलेली एक मुलगी
भिलाई