पट्टा पडल्यावरची शाळा

साखर कारखान्यात वाफ शिकवणं सोपं, कागद कारखान्यात अवघड. भिगवणच्या पंचक्रोशीत दोन्ही आहेत, म्हणून हा फरक इथे चटकन कळतो. भवानीनगर घ्या की माळेगाव, गाळप हंगाम संपून पट्टा पडला की बॉयलरपासून मिलपर्यंत सगळं खोललं जातं. नव्या पोरांना याहून चांगली शाळा नाही. पेपर मशीन मात्र बारा महिने, तिन्ही पाळ्यांत चालतं. ते उघडं सापडतं फक्त शटडाउनला, आणि तेव्हा शिकवायला कुणाला सवड नसते.

शिकायचं तर सगळं आतच असतं. ओला कागद तापलेल्या ड्रायर सिलिंडरवरून धावतो. आतली वाफ उष्णता देऊन पाणी होते. ते पाणी वेळेवर निघालं नाही तर सिलिंडरच्या आतून त्याचा थर धरतो, उष्णता अडते, कागद ओला राहतो. ऑपरेटर वाफेचा दाब वाढवतो. दुखणं मात्र असतं ते पाणी बाहेर काढणाऱ्या सायफनमध्ये, नाहीतर वाफ अडवून पाणी सोडणाऱ्या स्टीम ट्रॅपमध्ये.

हे ट्रेनिंग हॉलमध्ये सांगून पोचत नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस पडद्यावरच्या इंग्रजी आकृत्यांपुढे पेंगणारच. हजेरीपटावर सही होते, वर्षाअखेरी तासांची बेरीज होते. त्याला काय आलं, हे कोण विचारतो?

म्हणून मी ट्रॅपच हातात देतो. थर्मोडायनॅमिक ट्रॅपचं टोपण खोललं की पाच रुपयांच्या नाण्याएवढी पोलादी चकती निघते. तिच्या घासून गुळगुळीत केलेल्या तोंडावर नखाला जेमतेम लागेल एवढा चरा असला, तरी वाफ फुकट जाते. मग चालू लाइनवरच्या ट्रॅपला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावायची. चांगला ट्रॅप थांबून थांबून टक् करतो, खराब झालेला सारखा तडतडतो. जुन्या फिटरला हा आवाज केव्हाचा ठाऊक असतो, त्याचं कारण त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आयटीआयच्या पोराला कारण पाठ असतं, आवाज ऐकलेला नसतो. या दोघांना शेजारी उभं करणं, हेच माझं खरं काम.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कारखान्यांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना आखली. तिच्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं आणि पाठपुरावा. आपले बहुतेक कोर्स दुसरीच्या पुढे जात नाहीत.

आणि कंत्राटी कामगार तर पहिलीपर्यंतही पोचत नाही. तुटलेला कागद रोलजवळून ओढणारा, तेलपाण्याला जाणारा पुष्कळदा तोच. हॉलमधल्या यादीत त्याचं नाव नसतं. चालत्या यंत्राची तपासणी, तेलपाणी खास शिकवलेल्या माणसानेच करावं, असं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२ व्या कलमातच लिहिलं होतं.

शटडाउनचं वेळापत्रक आखणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे: यंत्र बंदिस्त करण्याआधी दोन तास शिकवण्यासाठी राखून ठेवा, आणि यादीत कंत्राटी पोरांची नावं सगळ्यांत आधी लिहा.