काचेआडची ओल

भिजलेला फोन घेऊन कुणी दुकानाच्या पायरीशी आलं की मी पहिलं एवढंच विचारतो : पाण्यातून काढल्यावर चालू करून बघितला का? समोरचा ओशाळतो. बघितलेला असतो, तोही चार-पाचदा. कुणी चार्जरसुद्धा लावलेला असतो. "भो, पानी घुसी गे, पन लाइट लागी ऱ्हायना ना?" असं म्हणत तो माझ्यासमोर पुन्हा बटण दाबायला जातो आणि मी घाईने त्याचा हात धरतो.

तळोद्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. इथून उत्तरेला सातपुडा चढायला लागतो. चांदसैलीचा घाट ओलांडला की धडगाव. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की वरची माणसं दोन-दोन दिवस खाली येऊ शकत नाहीत, आणि रस्ता मोकळा झाला की एकदम येतात. पिशवीत औषधं, बियाणं, आणि रुमालात गुंडाळलेला फोन. जून ते सप्टेंबर माझ्या टेबलावर येतं त्यातलं बरंचसं काम ओलीचं असतं.

पाणी सगळं सारखं नसतं, हे मला या धंद्याने शिकवलं. फोन उघडला की मी आधी तो नाकाशी नेतो. पावसाच्या पाण्याला वास नसतो आणि ते निघतंही सोपं. छातीच्या खिशात दिवसभर राहिलेल्या फोनात घाम असतो. तो मीठ सोडून जातो, चार्जिंगच्या तोंडाशी पांढरट खरड दिसते. कपाशीवर फवारणी करणाऱ्याचा फोन उघडला की औषधाचा दर्प डोक्यात जातो, तेव्हा हातमोजे घालतो आणि दुकानाची मागची खिडकी उघडतो. उसाचा रस आणि चहा चिकट. नर्मदेच्या फुगवट्यात होडीतून पडलेला फोन पहिल्या नजरेला स्वच्छ वाटतो, पण वाळल्यावर पडद्याच्या कडेला गाळाची बारीक रेघ उमटते. धरणाने थांबवलेल्या पाण्यात इतकी माती असते हे मला त्या रेघेने दाखवलं.

माणसाला दिसतो तो डाग. पडद्याच्या कोपऱ्यात राखाडी, कधी उजळ, कडेला किंचित पिवळी किनार असलेला. ते बोटाने पुसायला बघतात. मग नखाने. आत आहे म्हटल्यावर विचारतात, काच तर चिकटवलेली असते, पाणी आत गेलं कुठून?

ज्याला आम्ही दुकानात फोल्डर म्हणतो, तो पडदा म्हणजे एक काच नाही. वर काच, तिच्याखाली बोट ओळखणारी डोळ्याला न दिसणारी जाळी, मग चित्र काढणारा एलसीडीचा थर. बहुतेक फोनमध्ये हे तिन्ही पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात, त्यांच्यामध्ये पाणी सहसा जात नाही. ते जातं त्यांच्या मागे. तिथे उजेड देणारे पापुद्रे एकावर एक नुसते ठेवलेले असतात : पांढरा परावर्तक कागद, कडेच्या एलईडीचा उजेड सगळीकडे नेणारा प्लास्टिकचा पत्रा, उजेड पसरवणारा दुधी पापुद्रा, त्यावर बारीक खाचांचे दोन. त्यांच्यात केसाइतकीही जागा नसते, आणि पाण्याला नेमकी अशीच जागा आवडते.

१७१२ साली ब्रुक टेलर या इंग्रज गणितज्ञाने काचेच्या दोन पट्ट्या एका कडेला टेकवून, दुसरीकडे किंचित उघड्या ठेवून पाण्यात उभ्या केल्या. पट्ट्या जिथे जवळ होत्या तिथे पाणी उंच चढलं, जिथे दूर होत्या तिथे खालीच राहिलं, आणि पाण्याच्या कडेने एक सुंदर वक्ररेषा काढली. फट जितकी अरुंद तितकी पाण्याची चढण जास्त. हा प्रयोग कुणीही घरी करू शकतो : खिडकीच्या काचेचे दोन तुकडे, एक रबर, एक काडी आणि शाईचं पाणी. फोनच्या पडद्यात डागाची कड बघतो तेव्हा मला बऱ्याचदा तीच वक्ररेषा दिसते. कुठल्या कोपऱ्यातून पाणी शिरलं आणि फ्रेम कुठे दबलेली आहे, हे ती सांगते. म्हणून फोन झटकून काही होत नाही. झटकल्याने मोकळ्या जागेतलं पाणी उडतं. फटीत बसलेलं आणखी आत सरकतं.

तांदळाबद्दल रोज बोलावं लागतं. घराघरांत फोन तांदळाच्या डब्यात पुरतात. धडगावकडच्या एका मुलाने भगरीत ठेवला होता. भगरीचा दाणा बारीक, हेडफोनच्या भोकात तीन दाणे अडकले आणि आतली ओल पिऊन फुगले. ते सुईने एकेक काढायला मला अर्धा तास लागला. बंद फटीतली ओल बाहेरचा तांदूळ ओढून घेऊ शकत नाही. फोन उघड्यावर ठेवला तरी तेवढाच वाळतो. २०२४ च्या सुरुवातीला ॲपलनेही आपल्या सूचनांत लिहिलं की फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, दाण्यांचे कण आत जातात. मी त्याची छापील प्रत दुकानात लावली आहे. माझं ऐकत नाहीत, ते कागदाचं ऐकतात.

वाळवणं म्हणजे काय हे मी फोनमध्ये शिकलो नाही. माझं लहानपण नंदुरबारात गेलं. आई मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. ओली लाल मिरची बाजार समितीत यायची, व्यापारी ती उघड्या माळावर पसरायचे. दिवाळीच्या आगेमागे शहराबाहेर सगळीकडे लाल जमीन. शाळा सुटली की मी तिथेच. पहिल्या दिवशी ऊन कडक असलं तर मला वाटायचं, वाळली. साल कागदासारखी वाजायची. आई एक मिरची उचलून मधोमध फोडायची आणि आतलं बी दाखवायची : ओलं, चिकट. वरून पटकन वाळलेली मिरची आतल्या आत घुसमटते आणि काळी पडते. म्हणून उलटायची, पुन्हा उलटायची, रात्री ढग आले की झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. अवकाळी पाऊस आला की बायका मिरचीकडे धावत, स्वतः भिजायची कुणाला फिकीर नसे.

हे सगळं माहीत असूनही सुरुवातीच्या वर्षात मी तीच चूक केली. एका शेतकऱ्याचा नवा फोन होता, पडद्यात अंगठ्याएवढा डाग. त्याला बस पकडायची होती. मी हॉट एअर घेतलं आणि बाहेरून डागावर गरम हवा मारली. डाग सरकला, लहान झाला, आम्ही दोघेही खूष झालो. मग डागाच्या जागी लाटा उमटल्या, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसतात तशा. आतले पापुद्रे उष्णतेने वाकले होते. पाणी गेलं होतं आणि पडदाही गेला होता. नवं फोल्डर मी माझ्या पैशाने बसवून दिलं. त्याने काही तक्रार केली नाही, उलट चहा पाजला. त्या चहाचं मला अजून वाईट वाटतं.

पण मिरचीची शिकवण एका जागी अपुरी पडते, आणि ते समजायला मला आणखी वेळ लागला. मिरचीतून फक्त पाणी जायला हवं असतं. फोनमधून पाणी गेलं की काम संपत नाही, कारण पाण्याने आणलेलं सगळं तिथेच राहतं. मीठ, साखर, माती, औषध. ते मदरबोर्डवर राहिलं आणि पुन्हा हवेची ओल लागली, वर बॅटरीचा करंट आला, की तांबं हळूहळू हिरवं होत जातं, दोन बिंदूंमध्ये धातूच्या बारीक फांद्या फुटतात. म्हणून "दोन दिवसांनी आपोआप चालू झाला" म्हणणाऱ्याचा फोन महिन्याभराने मेलेला येतो. त्याला वाटतं वेगळंच काही झालं.

म्हणजे वाळवायच्या आधी धुवायला लागतं. भिजलेल्या फोनवर मी आणखी द्रव ओततो हे बघून गिऱ्हाईक पुढे वाकतं. पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, त्याआधी काहीच नाही. सिमच्या खाचेतली पांढरी चिकटपट्टी लाल झाली आहे का बघायचं, पाणी किती खोल गेलं त्याचा ती अंदाज देते. मग बोर्ड बाहेर काढून आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, बुडवायचा. हे पाण्यात पूर्ण मिसळतं. याचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, म्हणून पाणी अडून बसतं त्या चिपच्या खालच्या फटीत हे सहज शिरतं, पाण्याला पातळ करतं आणि बरोबर घेऊन उडतं. मऊ ब्रशने घासायचं, पुन्हा बुडवायचं. आमच्या धंद्यात काहीजण थिनर नाहीतर पेट्रोल वापरतात. स्वस्त पडतं, पण प्लास्टिक खातं आणि मागे तेलकट थर ठेवतं. मी ते दुकानात आणतच नाही.

पडदा मात्र आयपीएत घालायचा नाही. त्याच्यावरच्या थरांना आणि गोंदाला ते सोसत नाही. पडद्याच्या मागची पत्र्याची चौकट सोडवायची आणि एकेक पापुद्रा चिमट्याने उचलायचा, ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने होता ते लक्षात ठेवत. खाचांचे दोन पापुद्रे उलटसुलट बसले की पडदा कायमचा अंधुक. शुद्ध पाणी असेल तर टिपून घेतलं की भागतं. साखर असेल तर डिस्टिल्ड पाण्याच्या ओलसर कापडाने पुसून मग कोरडं. या वेळी मी पंखा बंद करतो, शटर अर्धं ओढतो. धुळीचा एक कण आत राहिला तर तो रोज दिसेल, पाण्याच्या डागापेक्षा जास्त.

मग डबा. प्लायवूडचा, आत साधा बल्ब, एक थर्मामीटर, आणि तळाला निळे सिलिका जेलचे दाणे. ४५ अंशांच्या वर जाऊ देत नाही. मे महिन्यात हा डबा लागत नाही, तेव्हा आमची नुसती हवाच एवढी गरम असते. जुलैत हवा इतकी जड असते की सकाळी घातलेले निळे दाणे संध्याकाळी गुलाबी होतात. ते कढईत तापवले की पुन्हा निळे. दाणे दिवसभर निळे राहिले की मी समजतो, आता आत द्यायला काही उरलं नाही. तोवर बॅटरी लावत नाही.

ओएलईडी पडद्याचं वेगळं. त्यात मागून उजेड नसतो, ठिपके स्वतः उजळतात, आणि ओल लागलेला ठिपका मेला की मेला. काळा नाहीतर हिरवा डाग पसरत जातो. तिथे मी पहिल्याच दिवशी सांगतो की हा जाणार नाही, फोटो आणि नंबर काढून घ्या, पैसे पडद्यावर घालवायचे का ते घरी बसून ठरवा. अशा वेळी आशा लावून ठेवणं मला लबाडी वाटते.

थांबणं लोकांना जड जातं, आणि त्यात त्यांची चूक नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. आज बँकेचं, योजनेचं, मुलाच्या फॉर्मचं काम त्या क्रमांकावर आणि त्याला जोडलेल्या फोनवर येणाऱ्या ओटीपीवर अडतं. फोन तीन दिवस माझ्या डब्यात म्हणजे माणूस तीन दिवस अडकलेला. म्हणून दुकानात मी दोन साधे बटणांचे फोन ठेवले आहेत. सिम काढायचं, पुसायचं, ॲडॉप्टरमध्ये बसवून त्यात घालून द्यायचं. त्याचे पैसे घेत नाही. सिम हातात आलं की माणसाचा जीव भांड्यात पडतो आणि तो मला वेळ देतो.

मागच्या श्रावणात वरच्या पाड्यावरच्या एक अंगणवाडी सेविका आल्या. ओढा ओलांडताना पाय घसरला होता. फोन आपोआप कुणालाही लागत होता, पडद्याला हात न लावता अक्षरं उमटत होती. बोट ओळखणारी ती जाळी काचेवरच्या किंवा स्वतःच्या पट्ट्याच्या कनेक्टरमधल्या पाण्याला बोटच समजते. मुलांची वजनं त्यात भरायची होती.

"दादा, आज होईल?"

"ताई, आज केला तर महिनाभर चालेल. परवापर्यंत ठेवलात तर मी सांगू शकतो."

त्या बसल्या. पिशवीतून प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली एक वही काढली, पानं उलटून बघितली. कोरडी ठणठणीत. प्रत्येक मुलाचं नाव, उंची, वजन, पेनाने. ओढ्यात उतरताना त्यांनी आधी वही बांधली होती, फोनला पिशवी उरली नव्हती.

ओढ्याचं पाणी होतं, गढूळ. बोर्ड दोनदा धुतला. पडद्याच्या पापुद्र्यांत मातीची झालर होती, ती निघाली, पण परावर्तक कागदावर एक फिकट डाग राहिला. तिसऱ्या दिवशी दाणे निळे राहिले तेव्हा बॅटरी लावली. त्या आल्यावर मी डाग आधी दाखवला, मग फोन हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून तिरपा करून पाहिला, आकडे भरायचं पान उघडलं, वही गुडघ्यावर ठेवली आणि दुकानातच पहिल्या मुलाचं वजन भरायला सुरुवात केली.