क्रॉफर्ड मार्केटचे ट्युलिप

शनिवार, सकाळचे साडेदहा. सगळं शहाणं जग एसी लावून लोळत पडलेलं असताना मी डोंबिवलीहून लोकल पकडून सीएसएमटीच्या सबवेतून घामाघूम बाहेर पडतेय. कशासाठी? तर कपकेकवर क्रीमची फुलं काढायची आहेत!

हसू नका. ऑफिसातल्या एका बर्थडेला कुणीतरी घरी केलेले कपकेक आणले होते, वर बटरक्रीमचे गुलाब. मी म्हटलं, हे तर मलाही जमेल. (याच वाक्यावर मी आजवर गिटार, झुंबा आणि जर्मन असे तीन क्लास लावले आणि सोडले.)

तर डी. एन. रोडने सरळ चालायचं. महापालिकेची इमारत, अंजुमन-ए-इस्लामची शाळा, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आणि मग तो टॉवर दिसतो. कागदोपत्री नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला क्रॉफर्डच सांगा. इमारत 1869 सालची, वास्तुकार विल्यम इमर्सन. दारावरची शेतकऱ्यांची कोरीव शिल्पं लॉकवूड किपलिंग यांची. 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे हे वडील, आणि आत्ता मागे टाकलेल्या जे. जे.मध्येच शिकवायचे. मान वर करून बघा एकदा. सगळे खाली आंब्याच्या पेट्यांकडेच बघतात.

आपलं काम मात्र बाहेरच्या गल्ल्यांत. केकच्या सामानाची दुकानं म्हणजे आतून लोहाराचं दुकान आणि खेळण्यांचं दुकान यांचं लग्न! भिंतभर नोझल्स. मी गोंधळून उभी. दुकानदार शांतपणे म्हणाला, ''पहली बार? वन एम लो.'' वन एम म्हणजे मोठा चांदणीचा नोझल. मधून सुरुवात करून बाहेर फिरवलात तर गुलाब, बाहेरून आत येत वर चढलात तर आइस्क्रीमसारखा शेंडा. नोझल तोच, फक्त हात उलटा. शिवाय 'रशियन' म्हणून विकतात तो ट्युलिपचा नोझल घेतला. त्याला फिरवाफिरवी नाही. उभा धरायचा, दाबायचं, सोडायचं, उचलायचं. पिशव्या, आयसिंग शुगर, बिनमिठाचं बटर, निघाले.

जाणार असाल तर रविवार टाळा, बरीच घाऊक दुकानं बंद असतात.

घरी आल्यावर खरी परीक्षा. 100 ग्रॅम बटर पांढुरकं होईतो फेटायचं, मग 200 ग्रॅम साखर थोडी थोडी घालायची. पुस्तकात 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं. कुणाची रूम? लोणी तिशीच्या थोडं पुढे वितळतं आणि आमच्या स्वयंपाकघरात एप्रिलमध्ये दुसरं काय असतं! माझा पहिला गुलाब दोन मिनिटांत शेवाळासारखा पसरला.

आई दारात उभी राहून बघत होती. ''हाताची धग लागतेय त्याला. एवढी गच्च कशाला भरतेस पिशवी? सोऱ्या भरतो तसं भर, अर्धा.''

इथे थोडं सांगायला हवं. गेल्या पावसाळ्यात आई जिन्यात पडली, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण पकड गेली. दिवाळीला पहिल्यांदा आमच्याकडे चकल्या विकतच्या आल्या. ती काहीच बोलली नाही, फक्त सोऱ्या कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवायला लावला. फिजिओथेरपिस्टने दाबायला दिलेला स्पंजचा बॉल सोफ्याखाली कुठेतरी आहे. मी आठवण केली की भांडण.

मी पिशवी अर्धी केली, दहा मिनिटं फ्रीजमध्ये टाकली. दुसरा गुलाब उभा राहिला. आई जवळ येऊन म्हणाली, ''काटा छान आलाय.'' चकलीला म्हणतात ते!

''तू कर ना एक.''

''मला कुठे जमतंय आता.''

मी ट्युलिपचा नोझल लावला आणि पिशवी तिच्या हातात दिली. डाव्या हाताने आधार, उजव्याने दाब. पहिलं फूल आडवं पडलं. दुसऱ्याची पाकळी तुटली. मला 'राहू दे' म्हणायचं होतं, जीभ चावून गप्प बसले. मधेच थांबून तिने मनगट चोळलं, पुन्हा पिशवी घेतली. चौथं फूल सरळ उभं! भजणीपेक्षा हे केवढं मऊ, म्हणाली.

बारापैकी सात तिने केले. आडवी पडलेली मी खाल्ली. बरे सहा ताटात मांडून ती स्वतः शेजारच्या काकूंकडे घेऊन गेली, आणि ''कुणी केले?'' या प्रश्नाला माझं नाव काही घेतलं नाही.

रात्री बोटं दुखतात म्हणून तिने गरम पाण्याची पिशवी मागितली. वर म्हणाली, ''त्या दुकानात पानांचा साचा मिळतो का गं? फुलं नुसतीच बरी नाही दिसत.''

पुढच्या शनिवारी दोघी जातोय. साडेनऊची लोकल, ऊन चढायच्या आत.