पाच टनाचं मशीन आणि पाच टन द्राक्षं

आज बागेची नोंद नाही, हिशोबाची आहे. थोडी किचकट आहे पण प्रीकूलिंगचा विचार करणाऱ्यांनी वाचाच.

सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी मळ्यात प्रीकूलिंगची खोली बांधली. दिवसभरात पाच टन थॉमसन तोडायचा, रात्रीतून गार करायचा आणि सकाळी गाडी भरायची, असं ठरलं. मशीनवाला म्हणाला, "दादा, पाच टनाचं बसवू." मी म्हटलं बरोबरच आहे, पाच टन माल, पाच टनाचं मशीन. त्यानं खुलासा केला नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी रात्री आठला माल आत गेला तेव्हा ३० अंश होता. सकाळी सहाला मण्यात थर्मामीटर खुपसला तर १३ अंश. पाहिजे होते ४. गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. तसाच भरला. पुढे देठ वाळले, मणी गळाले आणि माल पडत्या भावात गेला. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

नंतर कळलं की मशीनवरचा टन हा मालाचा टन नव्हेच. तो बर्फाचा टन. पूर्वी अमेरिकेत बर्फावर माल गार ठेवायचे, तिथून हे माप आलं. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, ती एक टन रेफ्रिजरेशन, म्हणजे कोटेशनवरचं टीआर. आणि तो टनही आपला हजार किलोचा नाही, २००० पौंडाचा, म्हणजे ९०७ किलोचा. एक किलो बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी लागतात हे शाळेत शिकलोय. ९०७ गुणिले ८०, भागिले २४ तास. उत्तर येतं ३०२३. पुस्तकात ३०२४ आहे. हा हिशोब जमला त्या दिवशी मला मशीनपेक्षा जास्त आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

आता आपल्या मालाचं बघा. एक किलो पाणी एक अंश गार करायला एक किलोकॅलरी काढावी लागते. द्राक्षात पाणीच जास्त, तरी साखर वगैरे असल्यानं साधारण ०.८६ धरतात. ५००० किलो गुणिले २६ अंश गुणिले ०.८६, झाले १,११,८०० किलोकॅलरी. आठ तासांत काढायचे तर तासाला सुमारे १४,०००. म्हणजे नुसत्या द्राक्षालाच ४.६ टीआर. त्यात भिंतीतून येणारी उष्णता, दार उघडणं, पंख्याच्या मोटारी, क्रेट, आत राबणारी माणसं. शिवाय तोडलेलं द्राक्ष श्वास घेतं, त्याचीही उष्णता असते. मी निम्मं वर धरतो. म्हणजे सात टीआर लागणार होते आणि माझ्याकडे नावालाच पाच होते. नावालाच का, ते खाली येतं.

यंदा गटातले सहा जण मिळून तेवढ्याच मालासाठी नवीन युनिट घेतोय. चार कोटेशन आली. एकात ७.५ टीआर, दुसऱ्यात तासाला २४,००० किलोकॅलरी, तिसऱ्यात ९०,००० बीटीयू, चौथ्यात १० किलोवॉट. पुतण्या म्हणाला, "काका, बीटीयूवाला सगळ्यात मोठा, किलोवॉटवाला सगळ्यात बारका."

मी सगळं किलोवॉटमध्ये आणायला बसलो. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं. तासाच्या किलोकॅलरीला ८६० नं भागा. बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक फॅरनहाइट तापवण्याची जुनी विलायती उष्णता, तासाच्या बीटीयूला ३४१२ नं भागा. टीआरला मात्र भागायचं नाही, ३.५१७ नं गुणायचं. पॅकहाऊसच्या दारावर खडूनं हे तीन आकडे लिहून ठेवलेत.

पहिलं आलं २६.४ किलोवॉट, दुसरं २७.९, तिसरं पुन्हा २६.४. पहिला आणि तिसरा एकच निघाले, फक्त एकाच्या कागदावर शून्यं जास्त! चौथ्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, १० किलोवॉट म्हणजे मशीन खाणार ती वीज. थंडावा २८ किलोवॉटचा." वीज आणि थंडावा दोन्ही किलोवॉटमध्येच मोजतात, तेव्हा कुठला आकडा आहे हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

म्हणजे चौघंही सारखेच? तसं पण नाही. कॉइलमध्ये गॅस किती अंशाला उकळतो त्यावर मशीनची ताकद बदलते. घरच्या एसीसारखं अधिक ७ अंशाला मोजलं तर आकडा मोठा दिसतो. द्राक्षाच्या खोलीत गॅस उणे ५ च्या आसपास उकळतो, तिथं तेच मशीन बरंच कमी पडतं. माझं जुनं पाच टनाचं तसंच होतं, कामाला तीन टनाच्या आसपास उतरायचं. यंदाही २४,००० किलोकॅलरीवाल्याला विचारलं, तर २७.९ चा आकडा उणे ५ ला १७ किलोवॉटवर आला. आपल्याला लागणार साधारण २४.

चौघांनाही निरोप धाडलाय की उणे ५ ला किती किलोवॉट थंडावा, तेवढंच लिहून द्या, टन नको, बीटीयू नको. तिघांचे आकडे आलेत. चौथा म्हणतो प्रत्यक्ष येऊन समजावतो. रविवारी येणार आहे, भावालाही बसवणार आहे.